गालातला घास

नव्याचे नऊ दिवस असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जुन्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल मात्र कुणी म्हण करून ठेवलेली नाही, आणि चांगली कामसू माणसं पाय घसरून पडतात ती नेमकी तिथेच. मावशीही तिथेच पडली.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. आजारी माणसांना त्यांच्या घरी जाऊन सांभाळणाऱ्या बायकांना सगळं जग मावशीच म्हणतं. पगारही द्यायचा आणि वर नातंही जोडायचं, अशी ती सोय आहे. ही मावशी पन्नाशी ओलांडलेली, आडव्या बांध्याची, तोंडाने फटकळ. कामात तिचा हात धरणारं कुणी नाही असं सगळे म्हणत, आणि म्हणायचं कुणी विसरलंच तर ती स्वतः आठवण करून देई. माणूस न उठवता त्याच्या अंगाखालची चादर बदलणं तिला डोळे मिटून जमे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वेळच्या वेळी कुशीवर वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात. मावशीच्या हाताखाली तशी जखम आजवर कुणाला झालेली नव्हती. हे वाक्य तिने त्या घरात इतक्यांदा ऐकवलं होतं, की तिने सुरुवात केली की घरातली सून पुढचं ओठांतल्या ओठांत म्हणून टाकायची.

ती जिथे कामाला होती त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे बाईच म्हणत. एके काळी बाईंचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, मशिनांच्या दोन रांगा आणि मशिनांवर वाकलेल्या बायका. बाई दिवसभर त्या रांगांमधून फिरत आणि 'चला, चला' म्हणत. पुढे लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली, पण सगळी गेली नाही. एक 'चला' तेवढा मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, ऐकलेलं सगळं कळतं, पण बोलायला जावं तर तोच एक शब्द बाहेर पडतो. जन्मभर बाईंनी ज्या शब्दाला राबवून घेतलं, त्याच्याच गळ्यात आता त्यांची सगळी कामं पडली.

चहा हवा, चला. चहा गार झालाय, चला. पाठीला खाज सुटली, चला. टीव्हीवरचा तो माणूस थापा मारतोय, बंद करा त्याला, चला. सुरुवातीला घरातले गांगरून जात. मुलगा तर आईला कुठेतरी बाहेर जायचंय असं समजून चाकाची खुर्ची आणायला धावे, आणि तिला फक्त उशी जरा वर सरकवून हवी असे. मावशीचा कान मात्र लवकर तयार झाला. लांबवलेला चला म्हणजे कंटाळा, तुटका म्हणजे लघवी, सूर शेवटी वर गेला तर प्रश्न, एकामागून एक दोन आले तर राग. मावशी अर्थ सांगे, घरातले ऐकत, आणि बाई मान हलवून बरोबर आहे म्हणत. पुढेपुढे त्या होकाराचीही कुणी वाट बघेना. बाई काही म्हणाल्या की सगळ्यांची तोंडं आपोआप मावशीकडे वळत. एका माणसाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी जावं ही गोष्ट दिसते तितकी साधी नसते, पण सगळं सुरळीत चाललेलं असताना असल्या गोष्टी कुणाच्या डोक्यात येतात?

जेवण हे त्या घरातलं सगळ्यात जिकिरीचं काम. बाईंच्या उजव्या गालात जीव नव्हता, त्यामुळे अर्धा घास पोटात जायचा आणि उरलेला त्या गालात जाऊन बसायचा. त्यांची जीभ तिथवर पोचायची नाही. म्हणून प्रत्येक जेवणानंतर मावशी बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून गालाच्या आतून फिरवी आणि अडकलेलं शीत न शीत बाहेर काढी. मग वरची कवळी काढायची, नळाखाली ब्रशने घासायची, हिरड्या पुसायच्या. संध्याकाळी घरी निघण्याआधी कवळी वाटीतल्या पाण्यात ठेवायची. ही कामं चारचौघांत सांगण्यासारखी नव्हेत, म्हणून मावशी ती मुद्दाम चारचौघांत सांगे.

अशी पाच-सहा वर्षं गेली आणि मावशीच्या कंबरेने संप पुकारला. तिची लेक एका पाळणाघरात कामाला होती. तिथे एक जागा निघाली, आणि उचलायचीच आहेत तर जरा हलकी माणसं उचल की, असं म्हणून लेकीने आईचं नाव पुढे केलं. मावशीने सुनेला सांगितलं. बाईंची सून नोकरीवर जाणारी, सदा घाईत, पण मनाची सरळ. मावशी तिला वहिनी म्हणायची. सुनेचे डोळे भरून आले, पण तुमच्या शरीराचंही बघायला हवं असं म्हणून तिने अडवलं नाही. मावशीने महिनाअखेरपर्यंत थांबायचं आणि तोवर बदली शोधायची असं ठरलं. बदली म्हणजे मावशीच्या जागी येणारी बाई. या धंद्यात नव्या माणसाला पहिले काही दिवस हेच नाव असतं.

बाईंना मावशीनेच सांगितलं, त्यांचा डावा हात हातात घेऊन. बाई एक लांब, उतरता चला म्हणाल्या. जा म्हणतायत, मावशीने सुनेला सांगितलं, आणि ते बरोबर होतं. बाईंनी मान हलवून तसं दाखवलंही.

त्या दिवसापासून मावशीचं मन पुढे निघून गेलं. अंग तेवढं रोज सकाळी येत राहिलं, आणि काही दिवसांनी तेही वेळेवर येईना. तिने पाळणाघरासाठी दोन रंगीत एप्रन घेतले. लेकीकडून तिथल्या पोरांची नावं आणि खोड्या पाठ करून घेतल्या. बाईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून ती फोनवर पोरांचे फोटो बघे, आणि बाईंनी चला म्हटलं की वर न बघता हो हो म्हणे. सरळ सांगायचं तर ती पाट्या टाकत होती. ते तिला कळत नव्हतं असंही नाही. पण इतकी वर्षं जीव ओतून केलं, आता निघताना जरा हात सैल सोडला तर काय बिघडलं, असं तिने मनाशी घोळवलं होतं. केलेल्या कामाची पुण्याई साठून राहते आणि शेवटी ती बसून खाता येते, असं पुष्कळांना वाटतं. आजारी माणसाला मात्र भूक रोज नव्याने लागते.

एका दुपारी भरवणं संपत आलं असताना लेकीचा फोन आला. पाळणाघराच्या मालकीणबाईंना मावशीशी चार शब्द बोलायचे होते. मावशी बोलत बोलत गॅलरीत गेली, आणि परत येईतो बाईंचा डोळा लागला होता. झोपलेल्या माणसाच्या तोंडात कशाला बोट घाला, म्हणून त्या दिवशी गाल तसाच राहिला. काही बिघडलं नाही. बिघडलं नाही म्हणूनच तो दुसऱ्या दिवशीही राहिला. मग कशीबशी एक चूळ भरून घ्यायची आणि ओठ पुसायचे, एवढ्यावर भागू लागलं. कवळी काढायची तर बाईंना आधार देऊन पुढे वाकवावं लागे, त्यात मावशीच्या कंबरेत कळ येई; मग कवळीही तोंडातच राहू लागली. संध्याकाळी सून कामावरून येई तेव्हा बाईंचे केस विंचरलेले, गाऊन बदललेला, तोंड पुसलेलं. वरून सगळं कसं लख्ख.

आणि मग बाईंनी जेवण टाकलं. सुरुवातीला दोन-चार घास घेत आणि तोंड वाकडं करून मान फिरवत. पुढे चमचा समोर आला की ओठच मिटून घ्यायला लागल्या. मावशीने मऊ भात केला, बटाटा कुस्करला, केळं दुधात कालवलं. कशालाच तोंड उघडेना. एके दिवशी सून रजा घेऊन घरी होती आणि खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. बाईंनी चमचा बाजूला ढकलला, डाव्या हाताने मावशीचा हात पकडला, ओढत आपल्या उजव्या गालापाशी नेला आणि तिथे घट्ट दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चला," बाई म्हणाल्या. "चला. चला."

काय झालं, काय म्हणतायत आई, सुनेने विचारलं.

मावशी हेलावली. खरोखर हेलावली, त्यात खोटं काही नव्हतं. आजवर कितीतरी आजारी माणसं तिच्या हाताखालून गेली, पण असा कुणी तिचा हात गालाशी धरला नव्हता.

"मलाही घेऊन चला, म्हणतायत," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली, जोरजोरात, आडवी. पण सून तोवर डोळे पुसायला वळली होती आणि मावशीचे स्वतःचे डोळे भरलेले होते. मान हललेली तिला दिसली. उभी हलली की आडवी, ते तिने बघितलं नाही.

ती गोष्ट संध्याकाळपर्यंत मुलाला कळली, दुसऱ्या दिवशी शेजारी, आणि मग फोनवरून सगळ्या नातेवाइकांत पसरली. सांभाळणारी बाई जाणार म्हणून म्हातारीने अन्न सोडलं. कुठे मिळतात हो अशी माणसं आजच्या काळात. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू तर मुद्दाम येऊन मावशीला बघून गेल्या. लेकीने पाळणाघरात सांगितलं आणि मालकीणबाई म्हणाल्या, आम्हाला अशीच माणसं हवी आहेत. मावशी हरभऱ्याच्या झाडावर पार शेंड्यापर्यंत चढली. वरवर ती म्हणे, मी काय जगावेगळं केलं. आणि दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं की गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगे, हात गालाशी नेऊन.

खरं तर सत्य तिच्या नाकापर्यंत आलेलं होतं. बाईंच्या तोंडाला वास येत होता. मावशीला तो कळला नाही असं म्हणणं म्हणजे सोनाराला पितळ ओळखू आलं नाही म्हणण्यासारखं आहे. पोट रिकामं असलं की तोंडाला वास येतोच, असं तिने स्वतःला समजावलं. शिवाय मायेने कुणाचा हात गालाशी धरायचा तर माणूस स्पर्श कळणाऱ्या गालाशी धरेल. बाई तो दर वेळी लुळ्या गालाशी नेत होत्या. तेही तिला दिसत होतं. पण आपल्यावर कुणी इतका जीव टाकतंय म्हटल्यावर त्या मायेची उलटतपासणी कोण करत बसेल?

बाई मात्र खंगत चालल्या. गळ्याची हाडं वर आली, गाऊन खांद्यावरून घसरायला लागला. त्यांच्या मुलाने एका सकाळी चाचरत विचारलं, अजून थोडे दिवस थांबता येणार नाही का, निदान आई सावरेपर्यंत. मावशीने मोठ्या मनाने समजूत घातली, की मी नजरेआड झाले की त्यांना सवय होईल, लेकरांचं असंच असतं. हे बोलताना तिला वाईट वाटत होतं आणि आतून गुदगुल्याही होत होत्या, आणि दोन्हींपैकी जास्त काय, ते तिने तपासलं नाही.

मग बदली आली. तरुण, सडपातळ, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. मावशी तिला शिकवायला लागली आणि शिकवता शिकवता खुलली. उचलताना पाय कुठे रोवायचा, कुशीवर वळवताना उशी कुठे घालायची, कुठला चला कशाचा. मुलगी मान डोलवत होती आणि मावशीला आपण कोण आहोत याची नव्याने जाणीव होत होती. दुपारी बाईंनी नेहमीसारखे ओठ मिटले, दोन चमचे कसेबसे आत गेले. त्याचं कारण मावशीने बदलीला हळू आवाजात, अभिमानाने सांगितलं. मग तिने कपडा ओला करून बोटाला गुंडाळला.

"हे बघ, बाकी काही एक वेळ विसरलीस तर चालेल," मावशी म्हणाली, "पण गाल साफ करायचं चुकवायचं नाही. कधीच नाही."

तिने बोट पुढे केलं, आणि चमच्यासाठी न उघडणारं तोंड बोट दिसताच पूर्ण उघडलं.

मावशीचा हात तिथेच थिजला. मग सवयीने बोट आत गेलं. बाहेर आला तो आंबून काळपट पडलेल्या भाताचा गोळा, आणि कपड्याला रक्त. तिने कवळी काढली तेव्हा खोलीभर वास सुटला. कवळीखाली हिरडी सुजून लाल झाली होती, आणि कडेला एक चांगला मोठा पांढुरका व्रण पडला होता. बाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि बोट पुन्हा गालात नेलं. डोळे मिटून, अगदी हळू, त्या चला म्हणाल्या. हा चला मावशीने आधी कधी ऐकला नव्हता, पण त्याचा अर्थ तिला पायाच्या नखापर्यंत कळला. हेच सांगत होते, असं बाई म्हणत होत्या.

मधे तुमची सुट्टी झाली होती का, असं बदलीने विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता. इतकी नावाजलेली मावशी असताना असं कसं झालं, याचं एक सरळ उत्तर तिला सुचलं आणि तिने ते पुढे केलं, एवढंच.

"हो," मावशी म्हणाली. "परवा होती."

परवा तिची सुट्टी होती, हे अक्षरशः खरं होतं. सुट्टीच्या दिवशी सून भरवायची, पण तोंडात बोट घालणं तिला जमत नसे. मावशीने कपडा मुठीत दाबला आणि ती मोरीकडे गेली. तिने कवळी दोनदा घासली. नळ मोठा सोडून ती उगाच उभी राहिली. धरणी पोटात घेईल तर बरं असं माणसं म्हणतात, पण धरणी असल्या वेळी कधीच उपयोगी पडत नाही. बाहेर यावंच लागतं, आणि मावशी बाहेर येऊन बदलीला पुढचं शिकवायला लागली. मात्र त्या दिवशी बाईंच्या डोळ्याला डोळा देणं तिने टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली तर सून ऑफिसचे कपडे घालून स्वयंपाकघरात नुसती बसून होती. आदल्या संध्याकाळी घरी जाण्याआधी बदलीने तिला चांगल्या मनाने सांगितलं होतं, की मावशी नसतील त्या दिवशी तुम्ही गाल आणि कवळी तेवढी बघत जा. सुनेने आईंचं तोंड उघडून पाहिलं आणि रात्रभर तिला झोप लागली नव्हती. डॉक्टर दुपारी येणार होते.

"मावशी, माझ्याच हातून झालं हे," ती म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं जिवापाड जपलंत आणि मी एका दिवसात..."

मावशी दारात पिशवी हातात धरून उभी होती. तिने गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. बदलीला ठाऊक नव्हतं, सुनेला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याजवळ एकच शब्द होता, आणि त्याचा अर्थ सांगायचं काम मावशीकडे होतं. थोड्या दिवसांत ती निघून जाणार होती. सून ही गोष्ट मनात घेऊन जगली असती, आणि सुट्टीच्या दिवशी जरा जास्त काळजी घेतली असती. कुणाचं काही बिघडलं नसतं, असंही म्हणता आलं असतं. हे सगळं मावशीच्या मनात येऊन गेलं. ती काही देवमाणूस नव्हती. पण सुनेने नाक पुसून, तुम्ही चहा घेणार ना, असं विचारलं आणि ती गॅसकडे वळली, ते मावशीला सहन झालं नाही.

"वहिनी, तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "मीच बरेच दिवस गाल साफ केला नाही. कवळी काढली नाही. माझं लक्ष नव्हतं."

सून वळली. तिला आधी शब्द कळले, अर्थ मागाहून पोचला.

"मग तो हात धरून गालाशी न्यायच्या, ते?"

"बोट घाला म्हणत होत्या."

"आणि मला घेऊन चला?"

"ते मी म्हटलं. त्या तसं म्हणाल्याच नव्हत्या."

सून ओरडली नाही. ओरडली असती तर मावशीला सोपं गेलं असतं. ती ओट्याकडे बघत म्हणाली, "आई दुखतंय म्हणून रडत होत्या. आणि मी ते लोकांना कौतुकाने सांगत फिरले." मावशीने मान खाली घातली. चहा झाला, पण तो कुणी प्यायलं नाही. ऑफिसला निघताना सुनेने एवढंच सांगितलं, की ठरल्याप्रमाणे महिनाअखेरपर्यंत या, एकट्या बदलीला उचलणं झेपायचं नाही. पण आईंना भरवायचं आणि तोंडाचं सगळं यापुढे बदलीच करेल.

हाकलून दिलं असतं तर बरं, असं मावशीला वाटलं. हाकललेल्या माणसाला निदान रागावता तरी येतं. इथे रोज त्याच दारातून आत यायचं होतं, त्याच पलंगाजवळ उभं राहायचं होतं, आणि काल जिला शिकवलं तिच्या हाताकडे बघत टॉवेल घेऊन थांबायचं होतं. दुपारी डॉक्टरांनी औषध लावलं, हिरडी भरेपर्यंत कवळी घालू नका म्हणाले. सुनेने नवऱ्याला सांगितलं. तो मावशीला ठीक आहे एवढंच म्हणाला, आणि ते ठीक नव्हतं हे दोघांनाही कळलं. मावशीने लेकीलाही सांगितलं, आता ती गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हणून. लेकीने का विचारलं, तेव्हा तिला तेही सांगावं लागलं.

उरलेले दिवस ती वेळेवर आली. फोन पिशवीतून बाहेर काढला नाही. बाईंच्या टाचांना मलम, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, चादरीला एकही सुरकुती नको, सगळं पहिल्या दिवसासारखं. पण पहिल्या दिवसासारखा हुरूप त्यात नव्हता. तेव्हा ती कौतुकासाठीही करत होती. आता कौतुक करणारं कुणी उरलं नव्हतं, आणि काम तेवढंच होतं, कणभरही कमी झालेलं नव्हतं. हे असंही करता येतं, हे तिला पन्नाशीनंतर कळत होतं, आणि इतक्या उशिरा कळावं याचीही तिला लाज वाटत होती.

बाई जेवायला लागल्या. बदलीच्या हातून हळूहळू सगळं जाऊ लागलं. एका दुपारी बदलीला यायला उशीर झाला. भात निवत होता आणि बाईंचे डोळे वाटीवर होते. मावशीने मनाचा हिय्या करून चमचा भरला आणि पुढे केला. बाईंनी ओठ मिटले. भूक लागलेली असताना मिटले. मावशीने चमचा वाटीत ठेवला आणि बदली येईपर्यंत भात गरम राहावा म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून दिली.

शेवटच्या दिवशी दुपारी बदली औषध आणायला खाली गेली होती. मावशी स्टुलावर बसली होती, आणि तिच्या ध्यानात आलं की तिने सुनेला सांगितलं, मुलाला सांगितलं, लेकीला सांगितलं. ज्यांचं तोंड होतं त्यांना काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्याचं बोलणं सांगता सांगता त्या माणसाशी बोलायचं असतं हेच विसरायला होतं. तिने स्टूल पुढे ओढलं. हात हातात घ्यायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

"बाई, तुम्हाला दुखत होतं," ती म्हणाली. "तुम्ही मला रोज सांगत होता. मी ऐकलं नाही. मी माझंच कौतुक ऐकत बसले आणि तुमच्या तोंडी नाही ते घातलं. माझं चुकलं."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मावशी वाट बघत राहिली. कुठल्याही सुरातला चला तिला चालला असता, एकापाठोपाठ दोन आले असते तरी. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

निघायची वेळ अजून झाली नव्हती. मावशी उठली. बाईंना कुशीवर वळवायची वेळ झाली होती, तिने त्यांना वळवलं. पाठ पुसली, पावडर लावली, उशी गुडघ्यांमध्ये सरकवली. बाईंनी अंग सैल सोडून सगळं करू दिलं, चेहरा तेवढा तिच्याकडे वळवला नाही. मावशीने काही उरकलं नाही. चादरीचा एक कोपरा दुमडला गेला होता, तो पुन्हा सोडवून नीट खोचला. बदली परत आल्यावर दोघींनी मिळून बाईंना उचलून वर घेतलं, आणि भरवायच्या वेळी मावशी बाहेर जाऊन कपडे वाळत घालत बसली.

संध्याकाळी मुलगा कामावरून लवकर आला. मावशी पिशवी घेऊन बाईंच्या खोलीच्या दारात उभी होती. आईचं तोंड भिंतीकडे आहे हे त्याने पाहिलं आणि सवयीने मावशीलाच विचारलं, काय झालं, काय म्हणतेय आई.

"त्या रागावल्यात माझ्यावर," मावशी म्हणाली. "मी माफी मागितली, पण त्यांचा राग गेलेला नाही."

भिंतीकडे वळलेली मान हलली. या वेळी मावशीने नीट बघितलं. ती उभी हलली होती.

बरोबर आहे म्हणतायत, हे तिने मुलाला सांगितलं नाही. ते त्यालाही दिसलं होतं. येते, असं ती दोघांनाही म्हणाली, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरून रस्त्यावर आली.